बाबांची जुनी मॅच रायफल विकायची आहे, मॉडेल आणि किंमत कशी कळणार?

रेशीमबागवाला
नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे, पण इथे सगळ्या प्रकारचे लोक आहेत म्हणून विचारतोय. बाबा (वय ७६) एके काळी स्मॉल बोअर (.२२) शूटिंग करायचे, बऱ्यापैकी सिरियसली. आता दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, खांदाही दुखतो, आणि त्यांनीच विषय काढला की मी आहे तोवर ही रायफल चांगल्या माणसाकडे गेली पाहिजे. लायसन्स त्यांच्या नावावर, चालू आहे, वेळेवर रिन्यू केलेलं. मला यातलं शून्य कळतं. लाकडी स्टॉक आहे, त्यात अंगठा घालायला भोक, मागे वाकडा लोखंडी हुक, आणि वर अन्शुट्झ कोरलंय. ओळखीतला एक जण येऊन बघून गेला आणि "जुनाट आहे, पंचवीस हजार देतो, आत्ता कॅश" म्हणाला. बाबा काही न बोलता आत निघून गेले, मला काय बोलावं तेच कळेना.
तर प्रश्न असे, नेमकं मॉडेल कसं ओळखायचं, अशा जुन्या मालाची किंमत कोण ठरवतं, आणि विकायची रीतसर पद्धत काय?

तर्रीपोहा
जो माणूस जुनाट म्हणून राह्यला तोच खिशात कॅश घेऊन येऊन राह्यला? विकू नको बे त्याले.

इतवारीचा_राजा
जुन्या वस्तूंच्या ॲपवर टाक ना भाऊ, फोटो काढ मस्त, दोन दिवसांत गिऱ्हाईक घरी.

काळा_कोट
राजाभाऊ, असं केलं तर गिऱ्हाईक नाही, पोलीस येतील घरी.
रेशीमबागवाले, बोल्ट (हाताने मागे-पुढे करायचा खटका) असलेली .२२ असेल तर ते फायरआर्म आहे, शस्त्र कायदा १९५९ लागतो. कलम ५ प्रमाणे परवानाधारक स्वतःकडची बंदूक विकू शकतो, पण घेणाऱ्याचं नाव-पत्ता देऊन आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. नागपूर शहरात परवान्याचं सगळं पोलीस आयुक्तालयातून चालतं, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून. घेणाऱ्याकडेही त्या प्रकारच्या शस्त्राचा परवाना पाहिजे आणि त्यात जागा पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, खेळाडूंचे नियम वेगळे आहेत.
आणि एक महत्त्वाचं. परवाना बाबांचा आहे, तुमचा नाही. गाडीच्या डिक्कीत टाकून "जरा दाखवून आणतो" असलं काही करायचं नाही. बघणारा घरी येईल, बाबा समोर बसतील, हात तेच लावतील.

रेशीमबागवाला
@काळा_कोट बापरे, बरं झालं सांगितलं. मी रविवारी एकाला दाखवायला नेणारच होतो.

दहापॉइंटनऊ
शूटर आहे, थोडं सांगतो. अन्शुट्झ म्हणजे जर्मनीतल्या उल्मची कंपनी, १८५६ पासूनची, युद्धानंतर झेला-मेलिस सोडून उल्मला आली. त्यांची मॅच ५४ नावाची ॲक्शन (बोल्ट बसतो तो लोखंडी भाग) गेली कितीतरी दशकं ५० मीटरच्या लाइनवर दिसते. पण नुसतं अन्शुट्झ म्हटल्याने काही कळत नाही, ते लोक साध्या स्पोर्टिंग रायफलीही बनवतात आणि एअर रायफलीही बनवल्या. तेव्हा बाबांना एवढं बघायला सांगा:
ॲक्शनवर आणि बॅरलच्या मुळाशी काय काय लिहिलंय, अक्षरशः जसं आहे तसं. मॉडेलचा आकडा. बॅरलवर छोटे ठसे असतील, गरुड, त्याखाली अक्षर, हरणाचं शिंग, आणि दोन इंग्रजी अक्षरं एकत्र. ती दोन अक्षरं फार कामाची. बोल्टचा दांडा कोणत्या बाजूला.
आधी बोल्ट उघडून चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामा आहे ना ते बाबांनी स्वतः बघायचं, मग पुढचं. आणि गंमत म्हणून रिकामा ट्रिगर दाबायचा नाही. रिमफायरमध्ये पिन थेट चेंबरच्या काठावर आदळू शकते, तिथे खळगा पडला की किंमतही पडली आणि ग्रुपही, म्हणजे गोळ्या एकाच जागी पडणंही गेलं.

सदाशिवपेठी_पाहुणा
मला वाटलं होतं नागपूरचे लोक फक्त उन्हाशी लढतात.

तर्रीपोहा
मे मध्ये ये ना पाहुण्या, ४५ मध्ये प्रोन झोपवतो तुले गच्चीवर.

पेंचकर
आमच्या आजोबांकडे बारा बोअर होती, डबल बॅरल. सिवनीच्या बाजूने आणलेली. काय काय किस्से सांगायचे, बैलगाडीत बसून रात्री जंगलात जायचे, कंदील झाकून ठेवायचे, एकदा म्हणे समोर डोळे चमकले, सगळे गप्प, गाडीवान रामनाम घेतोय, तर निघाली पाटलाची म्हैस. १९७२ चा वन्यजीव कायदा आल्यावर सगळं बंद झालं, बंदूक नंतर ठाण्यात जमा झाली ती झालीच. आता घरात फक्त तिचं कातडी कव्हर आहे, त्यात आई लाटणी ठेवते.

संपादक
पेंचकर, किस्सा झकास आहे, पण शिकारीची चर्चा इथे पुढे नको. आणि सर्वांना सूचना: इथे खरेदी-विक्री चालणार नाही, सिरियल नंबर टाकायचा नाही, फोटोत दिसत असेल तर झाका. माहिती विचारायला हरकत नाही.

रेशीमबागवाला
बाबांना समोर बसवून सगळं लिहून घेतलं. त्यांनी आधी अर्धा तास भिंग शोधलं.
एका बाजूला 'सुपर मॅच ५४' स्पष्ट आहे. मॉडेलचा आकडा घासला गेलाय, शेवटचे दोन १३ दिसतात, पुढचं नाही. गरुड आहे, खाली एन. शिंग आहे. दोन अक्षरं आय आणि डी. आणि बोल्ट डाव्या बाजूला आहे, बाबा डावखुरे आहेत.
त्यांनी ही १९९० च्या दशकात दुसऱ्या शूटरकडून घेतली होती, पावती आणि ट्रान्सफरचे कागद फाइलमध्ये आहेत.

दहापॉइंटनऊ
अरे वा, मग उलगडलंच. गरुडाखाली एन म्हणजे धूरविरहित दारूसाठी प्रूफ, म्हणजे चाचणी झालेली, शिंग म्हणजे उल्मच्या प्रूफ हाऊसची खूण. दोन अक्षरं म्हणजे साल. ए ०, बी १, सी २, डी ३, असं करत आय ८, मग जे गाळून के ९. म्हणजे आय-डी म्हणजे ८३. १९८३ ला प्रूफ झालेली.
आता १३ वर संपणारी म्हणजे वरची सुपर मॅच, भोकाचा स्टॉक आणि हुकवाली. १४१३ ही साठ-सत्तरच्या दशकातली, त्यानंतर १८१३, आणि नव्वदच्या आसपासपासून १९१३. तुमचं साल ८३ आहे म्हणजे ही १८१३ असायला पाहिजे, डावी आवृत्ती. मॉडेलमागे एल असतं डाव्यांना, घासलेल्या भागात पुसटसं दिसतं का बघा.
त्या पंचवीस हजारवाल्याला मी काय म्हणू, संपादक काट मारतील.

मिहान_नाइटशिफ्ट
एक मिनिट. चाळीस वर्षं जुनी लाकडी रायफल आज कोण घेणार? आमच्या क्लबात पोरांकडे सगळ्या ॲल्युमिनियम स्टॉकच्या, हजार स्क्रू ॲडजस्टमेंट. पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून, उभं राहून) ब्राँझ आणल्यापासून तर प्रत्येकाला नवीनच पाहिजे. जुन्याला भावनिक किंमत आहे, बाजारात शून्य. पंचवीस मिळतायत तर घ्या आणि मोकळे व्हा.

अनुजा_थ्रीपी
मिहान, अर्धं बरोबर आणि अर्धं साफ चूक.
ॲल्युमिनियम स्टॉकचा फायदा खरा आहे. पोझिशन बदलताना गालाची उंची, बट, ग्रिप पटापट हलवता येतं, आणि वाढत्या वयाच्या मुलीला तर तेच पाहिजे. पण गोळी स्टॉकमधून जात नाही. बॅरल आणि ॲक्शन ठीक असेल तर १८१३ आजही दहाच्या आत मारते, आणि ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं हे लक्षात घ्या. .२२ ची शिश्याची गोळी मंद असते, बॅरल झिजायला फार काळ लागतो. खराब होते ती बहुतेक वेळा वापराने नाही, निष्काळजीपणाने.
मी क्लबसाठी जुन्या रायफली बघते तेव्हा क्रम असा असतो. बॅरलचं पुढचं तोंड, ज्याला क्राऊन म्हणतो, तिथे कापसाची काडी आतून बाहेर हळू ओढायची. कुठे धागा अडकला तर तिथे ओरखडा आहे. पुढच्या बाजूने सळई घालून साफ करणाऱ्यांच्या रायफलीत हे हमखास सापडतं. मग चेंबरच्या लगेच पुढे, खालच्या बाजूला, प्रायमरच्या कणांनी झीज होते आणि जळका थर बसतो, ते साध्या डोळ्याने नाही दिसत, बोअरस्कोप (नळीत आतून बघायची दुर्बीण) लागतो. मग बोल्ट, त्यावरचा नंबर ॲक्शनशी जुळतो का. न जुळला तर मी लगेच थंड पडते. मग ट्रिगर, पहिला टप्पा, दुसरा टप्पा, मध्ये अडखळतो का.
आणि शेवटी कागदावर मारून बघायचं, एका डब्याच्या गोळ्यांनी नाही. एली, लापुआ, आरडब्ल्यूएस, एसके, प्रत्येकाचे वेगवेगळे लॉट. एक लॉट जमला नाही म्हणून रायफल वाईट ठरत नाही, .२२ मध्ये बॅरलची आवडनिवड असतेच. हे सगळं अर्थात रेंजवर, बाबांच्या किंवा क्लबच्या परवान्यात.

रेशीमबागवाला
ताई, प्रिंट काढून बाबांना दिली. ते म्हणाले "ही मुलगी शिकलेली आहे".

अनुजा_थ्रीपी
बाबांना नमस्कार सांगा. आणि हो, डायऑप्टर आहे का? मागची पीप साइट, डोळा लावून बारीक भोकातून नेम धरायची?

सागवानी
लाकडाबद्दल बोलू द्या मला. नागपुरात लाकडाचे दोन शत्रू, उन्हाळ्यातली कोरडी हवा आणि कूलर. अक्रोडाचा स्टॉक वर्षानुवर्षं एप्रिल ते जून वाळतो, मग पावसाळ्यात फुगतो. ॲक्शन जिथे बसते तिथे बारीक फट किंवा चीर आहे का ते बघा, खास करून स्क्रूच्या भोवती आणि अंगठ्याच्या भोकाच्या खाली, तिथे लाकूड पातळ असतं. रायफल कूलरच्या खोलीत ठेवली असेल तर स्टॉकपेक्षा बॅरलची काळजी, ओलाव्याने गंज धरतो. माझं मत विचाराल तर विकण्याआधी हलक्या हाताने घासून पॉलिश करा, पाच हजार जास्त मिळतील.

दहापॉइंटनऊ
नका हो नका. पॉलिश केलेला स्टॉक बघितला की मला पहिला संशय येतो की खाली काय लपवलंय. जुनी टू-व्हीलर घेताना नवीन रंग मारलेली दिसली की आपण टाकी खालून बघतो, तसंच. मळ पुसा, कोरड्या कापडाने. बस.

सागवानी
पॉलिश म्हणजे मी व्हार्निश नाही म्हणत आहे, तेल म्हणतोय. जवसाचं.

दहापॉइंटनऊ
तेल घेणारा लावेल. आणि ॲक्शनचे स्क्रू तर अजिबात आवळू-सैल करू नका, ते किती आवळायचे हे त्या रायफलीचं ठरलेलं असतं, घरच्या पान्याने सगळी बेडिंग (ॲक्शनची लाकडातली बैठक) बिघडते.

इतवारीचा_राजा
म्हणजे काहीच करायचं नाही. हे काम मला जमतं.

रेशीमबागवाला
आज कपाटाच्या वरच्या खणातून एक पत्र्याचा डबा निघाला. बाबा विसरले होते, आई म्हणाली मीच ठेवला होता, आत सुया-दोरे असतील म्हणून. आत काय काय आहे ते लिहितो, नावं बाबांनी सांगितली: पुढच्या साइटच्या रिंगा, छोट्या-मोठ्या, सात-आठ आहेत, कागदात गुंडाळलेल्या. मागची डायऑप्टर वेगळ्या लाकडी पेटीत, काचेवर धूळ नाही. हँड स्टॉप (पुढच्या हाताला टेकायचा), त्याच्या रेलसकट. दोन वजनं. एक जादा साधी बट प्लेट. कंपनीचं टेस्ट टार्गेट, त्यावर पेन्सिलने काहीतरी जर्मनमध्ये.
आणि एक डायरी. रोज किती शॉट, कोणत्या लॉटच्या गोळ्या, वारा कुठून, स्कोअर. शेवटी बॅरल कधी साफ केली तेही. अक्षर इतकं बारीक आहे की मला भिंग लागलं.

अनुजा_थ्रीपी
तो डबा आणि ती डायरी, दोन्ही रायफलीच्याच सोबत द्या, वेगळं विकायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. डायऑप्टर, रिंगा, हँड स्टॉप नसतील तर घेणाऱ्याला ते वेगळे शोधत बसावे लागतात आणि ते स्वस्त नसतात. आणि डायरीने एक मोठा प्रश्नच मिटतो, रायफलीतून किती गोळ्या गेल्या. बहुतेक विकणारे "फार नाही वापरली" एवढंच सांगतात.

मिहान_नाइटशिफ्ट
ठीक आहे, डायरी वाचायला मी येतो. पण किंमत? सगळे तत्त्वज्ञान सांगतायत, आकडा कोणीच सांगत नाही.

दहापॉइंटनऊ
आकडा न बघता सांगणारा एक तर विकत घेणारा असतो किंवा फेकू. पण पद्धत सांगतो. तीन गोष्टींनी ठरते.
एक, आज त्याच दर्जाची नवीन रायफल घरपोच कितीला पडते. आयात, ड्युटी, परवानगी, वाट बघणं, सगळं धरून. भारतात जुन्या मॅच रायफलीला किंमत टिकते ती याच कारणाने.
दोन, घेणारे किती. परदेशात संग्राहक असतात, आपल्याकडे घेणारा म्हणजे परवाना असलेला शूटर, त्याच्या परवान्यात जागा असलेला. एवढीशी संख्या. त्यातही डावखुरे! म्हणजे रेशीमबागवाल्यांना गिऱ्हाईक कमी भेटतील, पण जो भेटेल त्याला दुसरा पर्याय जवळजवळ नसेल. उजव्या बोल्टच्या रायफलीवर वर्षं काढलेला डावखुरा शूटर मी बघितलाय, प्रत्येक गोळीनंतर हात वरून फिरवून बोल्ट ओढायचा. तो घासाघीस करणार नाही फार.
तीन, आत्ता वर सगळ्यांनी सांगितलेली स्थिती आणि सोबतचा डबा.
यावर दोन भाव लेखी घ्या, एक परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडून आणि एक थेट शूटरकडून. विक्रेत्याचा कमी येईल, त्याला स्वतःचं मार्जिन ठेवायचंय, त्यात चूक काही नाही, कागदपत्रांचा त्रास तो निस्तरतो. तुमची किंमत त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी.

काळा_कोट
आणखी एक तपासा. रायफल मुळात कोणी खेळाडू म्हणून ड्युटी सवलतीत आणली असेल तर विकण्यावर अट असू शकते. मूळ आयातीचा कागद फाइलमध्ये आहे का? आणि विकायच्या आधी घरात विचारा, कुणाला शूटिंग करायचं आहे का. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाचं वय ७० झालं असेल किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असेल तर वारस परवान्यासाठी अर्ज करू शकतो. बाबा दोन्हीत बसतात.

रेशीमबागवाला
वारस मीच. आणि मला कॅरममध्येसुद्धा नेम जमत नाही. बाबांना विचारलं, ते म्हणाले "तू नको".

तर्रीपोहा
डायरेक्ट रिजेक्ट 😂

रेशीमबागवाला
बऱ्याच दिवसांनी अपडेट देतोय. आयातीचे कागद मिळाले, काळा_कोट यांच्या ओळखीने एकांना दाखवले, अडचण नाही. विक्रेत्याने घरी येऊन बघितली, बोअरस्कोप लावला, चेंबरपुढे थोडा थर आहे म्हणाला, साफ होण्यासारखा. क्राऊन स्वच्छ. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि त्याने बोल्ट जरा जोरात ओढला तर "हळू" म्हणाले. त्याने लेखी भाव दिला तो त्या कॅशवाल्याच्या तिपटीहून जास्त.
मग अनुजाताईंच्या क्लबातून निरोप गेला आणि अमरावतीचा एक डावखुरा शूटर वडिलांसोबत आला. परवाना आहे, जागा आहे. रायफलीपेक्षा जास्त वेळ तो डायरीच वाचत होता. मारून बघायची व्यवस्था क्लबात झाली, तीन लॉटपैकी एक लॉट मस्त बसला, योगायोग म्हणा, डायरीत बाबांनी ज्या कंपनीच्या गोळ्यांना खूण केली होती त्याच. त्याचा भाव विक्रेत्यापेक्षा वर. आयुक्तालयात अर्ज दिलाय, ४५ दिवसांची वाट बघतोय. आकडा इथे लिहीत नाही, बाबा नको म्हणाले.

अनुजा_थ्रीपी
तो पोरगा चांगला आहे, मेहनती. बाबांना म्हणावं, एकदा रेंजवर या, स्टॉकची सेटिंग त्याला तुम्हीच समजावून सांगा, हुकचं माप तर नक्की.

रेशीमबागवाला
म्हटलं तर म्हणाले "त्याला म्हणावं पहाटे ये, दुपारी मी झोपतो".

इतवारीचा_राजा
अभिनंदन भाऊ. आता माझं ऐका सगळे, माझ्या मामाच्या माळ्यावर एक जुनी छऱ्याची बंदूक सापडली, बाजूला दांडा आहे, तो ओढून भरायची, तीपण जर्मन लिहिली आहे. तिला लायसन्स लागते का?

दहापॉइंटनऊ
फाइनवर्कबाउ लिहिलंय का? पंचकोनात एफ आहे का? असेल तर ७.५ ज्यूलच्या आतली एअर रायफल. आपल्याकडे ४.५ मिलिमीटरची आणि २० ज्यूलच्या आतली असेल तर परवाना लागत नाही. पण आतले सील आणि बफर वयाने भुगा झालेले असतात, चालवून बघायच्या आधी...

संपादक
थांबा, थांबा. राजाभाऊ, मामाच्या बंदुकीसाठी नवीन धागा काढा. सिरियल नंबर न टाकता.